बैलबाजारात पाण्याचं टेबल

जुन्नरच्या सभागृहात आम्ही भिंतीपासून भिंतीपर्यंत खुर्च्या मांडल्या होत्या, आणि माणसं आली होती जेमतेम पहिली ओळ भरेल एवढी. त्यातले काही तालुका कचेरीतले होते, त्यांना यायला सांगितलेलंच होतं. एक म्हातारे गृहस्थ एसटीची वाट बघता बघता पंख्याखाली टेकायला आले होते. तरी आमच्या विभागाच्या सरांनी सगळा कार्यक्रम पार पाडला. पडद्यावर एकामागून एक आलेख दाखवले. चहा झाला. खुर्च्या परत रचताना मला रडू येईल असं वाटलं, पण रडू आलं नाही, राग आला.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी पुण्याला विद्यापीठात संशोधन सहायक म्हणून लागले होते. आमच्या विभागाने जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या विहिरींच्या पाण्याचा अभ्यास हाती घेतला होता. वर्षभर मी गावोगाव हिंडून बाटल्या भरून आणल्या आणि तपासल्या. बऱ्याच विहिरींत नायट्रेट सापडलं. नायट्रेट म्हणजे खताचा, शेणामुताचा जमिनीतून पाण्यात उतरलेला अंश. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाला एरवी ते कळतही नाही. पण तान्ह्या मुलाच्या पोटात असं पाणी जात राहिलं तर त्याचं रक्त पुरेशी हवा वाहून नेईनासं होतं, मूल निळसर पडतं. हे सगळं आम्हाला कळलं होतं आणि आमच्या कपाटात ठेवलेलं होतं. ज्यांच्या विहिरी होत्या त्यांना कळवायचं म्हणून ती जुन्नरची सभा.

त्या संध्याकाळी मी पुण्याला न जाता घरी अवसरीला उतरले. वडील गोठ्यात वैरण टाकत होते.

"किती आली व्हती माणसं?" त्यांनी विचारलं.

"आलीच नाहीत."

"येतील कशी? कांदा काढायचं चालू हाय समद्यांचं." त्यांनी पेंढी सोडली. "सभेला कोण येतंय? कांदा असू दे नायतर घरात लगीन असू दे, बेल्ह्याचा बाजार तेवढा कोण चुकवत न्हाई."

ते सहज बोलून गेले. मी मात्र जेवताना, अंथरुणावर पडल्यावर तेच घोळवत राहिले. सकाळी मी त्यांना सांगितलं, की मी बेल्ह्याच्या बाजारात टेबल लावणार आहे, विहिरीचं पाणी तपासून द्यायचं.

वडिलांनी चहाची बशी खाली ठेवली. "बैलबाजारात बाया जात न्हाईत."

"का?"

"जात न्हाईत म्हंजी न्हाईत."

"बंदी आहे का?"

"बंदी कशाला आसंल?"

"मग झालं तर."

वडील उठले. टोपी घातली आणि शेतावर निघून गेले.

सरांची हरकत वेगळी होती. ते शिस्तीचे, आपल्या विषयावर मनापासून प्रेम करणारे गृहस्थ. त्यांना काळजी पडली ती धुळीची. "उघड्यावर, जनावरांच्या गर्दीत चाचणी करणार? निष्कर्ष बरोबर येतील?" मी म्हटलं, तिथं नायट्रेट ओळखायची पूड टाकून नुसता रंग दाखवू, पक्की तपासणी इथं प्रयोगशाळेत करू. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "थोडे बाजार करून बघा. नाही जमलं तर मुकाट्याने परत यायचं."

मी मान हलवली. मुकाट्याने परत यायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

बेल्ह्याचा आठवड्याचा बैलबाजार मी लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकला होता, पाहिला कधी नव्हता. शिंगं रंगवलेले खिलार बैल, टेंपोतून उतरताना बिचकणारी खोंडं, हातावर रुमाल टाकून त्याखाली बोटं दाबत भाव करणारे व्यापारी, भज्यांचा वास, आणि सगळ्यावर बसलेली बारीक पिवळी धूळ. दोर, वेसणी, म्होरक्या विकणाऱ्या एका दुकानाशेजारी लिंबाची सावली होती. तिथं मी घडीचं टेबल उघडलं, पांढरं कापड अंथरलं, काचेच्या नळ्या मांडल्या आणि पाटी टेकवली : विहिरीचं पाणी मोफत तपासून मिळेल.

माणसं आली, पण बघायला.

"कसलं औषीद इकता, बाई?"

"विम्याचं हाय का?"

"न्हाई रं, सरकार विहिरीला मीटर बशिवनार हाय. त्याची मानसं हायती ही."

एक जण मिश्कील होता. "म्याडम, दात बगून बैलाचं वय सांगता का?" सगळे हसले. मी म्हटलं, "बैलाचं नाही सांगता येत. तुमच्या विहिरीचं सांगीन. आणता का पाणी?" परत हसले, पण पाणी कुणी आणलं नाही. पुढच्या बाजारीही नाही. त्याच्या पुढच्याही नाही. शेजारच्या चहावाल्याला म्हटलं, तुमच्या पिंपातलं पाणी तपासून दाखवू का, तर तो हात जोडून म्हणाला, "माझं गिऱ्हाईक मोडू नका, ताई."

मग एकदा निघताना मी आमच्या घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेतलं. बाजारात गर्दी जमली तशी मी बाटली उंच धरली आणि मोठ्याने सांगितलं, "हे माझ्या घरचं पाणी. अवसरीचं. मी लहानपणापासून हेच प्यायले." नळीत पाणी घेतलं, पूड टाकली, हलवली. थोड्या वेळाने पाण्याला फिकट गुलाबी रंग चढला. "गुलाबी झालं म्हणजे पाण्यात खत उतरलंय. जेवढं गडद तेवढं जास्त. आमच्यात थोडं आहे. आता आम्ही विहिरीच्या कडेला युरिया टाकणं बंद करणार."

पहिल्यांदाच कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्याने नळी हातात घेऊन उन्हात धरली. "सोताच्याच विहिरीचं सांगती म्हंजी खोटं नसंल," तो शेजारच्याला म्हणाला.

ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. "भर बाजारात आपल्या विहिरीची आब्रू काढलीस?" वडिलांनी विचारलं. मी म्हटलं, "दादा, दुसऱ्याची कशी काढू?" त्यावर ते तडक गोठ्यात निघून गेले. पण पुढच्या बाजारी सकाळी त्यांनी आपण होऊन मोटारसायकल काढली, टेबल मागे बांधलं आणि मला बेल्ह्यापर्यंत सोडून आले. बाजारात मात्र थांबले नाहीत.

त्यानंतर बाटल्या येऊ लागल्या. तेलाच्या, रॉकेलच्या, दारूच्या. पाण्याआधी बाटलीचाच वास यायचा. मग मी प्रयोगशाळेतून धुतलेल्या बाटल्यांची पिशवीच आणू लागले. ह्या बाजारी रिकामी बाटली न्यायची, पुढच्या बाजारी भरून आणायची. कुणाच्या पाण्याला रंग चढायचाच नाही आणि तो छाती काढून चालू लागायचा. कुणाचं गुलाबी व्हायचं आणि तो म्हणायचा, परत एकदा टाका.

अशाच एका बाजारी एक सडपातळ शेतकरी बैलजोडी घ्यायला आला होता. व्यवहार पुरा झाला, टेंपोची वाट बघत होता, म्हणून टेबलाशी आला. मागच्या बाजारी नेलेली बाटली त्याने खिशातून काढली. मी पूड टाकली आणि बघता बघता नळीतलं पाणी डाळिंबाच्या दाण्यासारखं झालं. एवढा गडद रंग मी त्या तालुक्यात पाहिला नव्हता.

"बाटली घान आसंल," तो म्हणाला.

"बाटली माझीच आहे, धुतलेली. घरी कोण कोण आहे तुमच्या?"

"मी, मंडळी, आन पोरगी. तान्ही हाय."

"आईचं दूध पिते?"

त्याला माझा प्रश्न अवघड वाटला. इकडेतिकडे बघून तो हळूच म्हणाला, "येत न्हाई पुरेसं. गाईचं देतो, पानी घालून."

मी टेबल मिटलं. त्याच्याच टेंपोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसून, मागे दोन नवे बैल खुरं आपटत असताना, त्याच्या मळ्यावर गेले.

मळ्यावर दोन घरं होती, एकमेकांकडे पाठ करून. मध्ये बांध आणि बांधावर घायपाताचं कुंपण. चढाकडचं घर थोरल्या भावाचं, उताराकडचं ह्याचं. दोघांच्या विहिरी वेगळ्या. धाकट्याची बायको ओट्यावर मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मुलगी लहानखुरी होती, पण मी तिची नखं आणि ओठ नीट निरखले, ते लाल होते. माझा जीव भांड्यात पडला.

"ताई, मी पानी उकळून घालते," ती माउली घाईने म्हणाली. "चांगलं खळखळ उकळते. गाईचं दूध जड पडतं म्हनून निम्मं पानी."

"उकळल्यावर जंतू मरतात. हे जात नाही. पाणी आटतं तसं हे उलट जास्तच होतं."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. मी आजूबाजूला पाणी कुठं कुठं आहे ते विचारलं. वाडीच्या पलीकडे हातपंप होता, दूर. त्याचं पाणी तपासलं, बरं निघालं. मग मी बांधापलीकडच्या विहिरीकडे बोट दाखवलं.

"त्याच्या विहिरीचं?" धाकटा एकदम तडकला. "त्या घरचं पानी पिऊन जगन्यापरीस..." पुढचं वाक्य त्याने गिळलं. त्याच्या बायकोने मान खाली घातली. वाटणीच्या वेळी बांध सरकवल्यावरून भांडण झालं होतं, तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. सोयऱ्यांच्या मयतीलासुद्धा वेगवेगळे उभे राहत.

मी त्याच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं, की आजपासून मुलीचं पाणी हातपंपाचं. तो रोज मोटारसायकलला कॅन बांधून आणू लागला.

पण तेवढ्याने माझं समाधान होईना. एवढं नायट्रेट येतं कुठून? पुढच्या आठवड्यात मोजपट्टी घेऊन मी परत गेले. आसपासच्या सगळ्या विहिरींतल्या पाण्याची पातळी मोजली. जमिनीखालचं पाणी कुठून कुठं वाहतं ते अशा मापांवरून काढता येतं. थोरला भाऊ मोठा, भारदस्त माणूस. विद्यापीठातून आलेय म्हटल्यावर त्याने स्वतः दोर धरून मला मदत केली, चहा दिला. त्याच्या विहिरीचं पाणी नळीत जवळजवळ बिनरंगी राहिलं, तेव्हा तो खूश झाला.

उत्तर मला तिथंच दिसू लागलं होतं, तरी मी पुण्याला जाऊन कागदावर रेषा काढल्या. बांधाला लागून थोरल्याचा उकिरडा होता. गोठ्यातलं शेण, मूत, उष्टंखरकटं वर्षानुवर्षं त्याच खड्ड्यात पडत होतं. आणि जमिनीखालचं पाणी त्या खड्ड्याखालून सरळ धाकट्याच्या विहिरीकडे उतरत होतं.

मी सरांना दाखवलं. रेषा बरोबर आहेत म्हणाले. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"हे बघा, आपलं काम पाणी तपासायचं. भावाभावांच्या बांधावर जाऊन उभं राहायचं नाही. आकडा कळवा आणि मोकळ्या व्हा."

"सर, आकडा कळवून त्या विहिरीचं पाणी बदलत नाही."

"आणि मारामारी झाली तर?"

"म्हणून तर नीट सांगायला हवं."

त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी 'नाही म्हटलं नाही' एवढंच धरलं.

आधी थोरल्याकडे गेले. त्याच्या ओट्यावर बसून जेवढं सौम्यपणे सांगता येईल तेवढं सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलत गेला.

"म्हंजी माज्या उकिरड्यानं त्याची विहीर नासली, आसं म्हनायचंय तुमाला?"

"एकट्या उकिरड्याने नाही. त्यांच्या कांद्याचं खतही त्यात आहे. पण उकिरड्याचा वाटा मोठा आहे."

"उद्या त्यो तुमचा कागुद घिऊन कोर्टात जाईल."

"कागदावर मी तुमचं नाव लिहिणार नाही. पण त्यांच्यापासून लपवणारही नाही. आधी तुम्हाला सांगायला आले."

तो उठून उभा राहिला. "पावणं म्हनून च्या पाजला. आता जावा. आन परत ह्या बांधावर पाय ठिऊ नका." आतल्या दाराआड त्याची बायको उभी राहून सगळं ऐकत होती.

बांध ओलांडून मी धाकट्याला सांगितलं. त्याचे डोळे चमकले. "मला म्हाईतच व्हतं! मला तुमच्या शिक्क्याचा कागुद द्या, म्याडम. बगतोच त्याच्याकडं."

"कागदावर तुमच्या पाण्याचा आकडा देईन. त्यावर कुणाविरुद्ध काही लिहिणार नाही. आणि तुम्हीही विहिरीच्या कडेपर्यंत युरिया टाकता. गेल्या हंगामात किती टाकला?"

तो गडबडला. "कांद्याला लागतोच की."

"लागतो त्याहून जास्त टाकता. जास्तीचा विहिरीत उतरतो. निम्मा करा आणि विहिरीभोवतीची पट्टी मोकळी सोडा. मग दुसऱ्याला बोलायचा अधिकार येईल."

तोही माझ्यावर नाराज झाला. एकाच दुपारी मी दोन्ही घरं दुखावून एसटीची वाट बघत उभी होते. पण मनात शंका नव्हती.

पुढच्या बाजारी लिंबाखाली कुणी फिरकलं नाही. मागच्या आठवड्यात बाटल्या नेलेले लोकसुद्धा लांबून वळून जात होते. दोरवाल्याने कारण सांगितलं. "थोरल्यानं बाजारभर केलंय, का ही बाई भावाभावात भांडनं लावती. ऱ्हाऊ द्या म्याडम, थोडं दिवस येऊ नका."

मी म्हटलं, "येणार."

आणि येत राहिले. पांढरं कापड अंथरायचं, नळ्या मांडायच्या, दिवसभर बसायचं, बाजार मोडला की आवरायचं. धूळ झटकताना कधी कधी वाटायचं, सरांचं ऐकलं असतं तर आत्ता प्रयोगशाळेत सावलीला असते. पण न येणं म्हणजे थोरला म्हणतो ते खरं ठरवणं होतं. टेबल रिकामं असलं तरी ते तिथं दिसायला हवं होतं.

अशाच एका रिकाम्या दुपारी भाजीबाजाराच्या अंगाने एक बाई आली. डोक्यावर पदर, हातात पिशवी. बैलबाजारात माझ्याशिवाय दुसरी बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. जवळ आल्यावर ओळखलं, थोरल्याची बायको. तिने पिशवीतून दोन बाटल्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

"ही आमची," ती म्हणाली. "आन ही त्येंची. मीच शेंदून आनली, कोन नसताना. माज्या डोळ्याम्होरं कर."

मी दोन नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींत पूड टाकली. ती बाई टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून वाकून बघत राहिली. एक नळी तशीच राहिली. दुसरी चढत चढत डाळिंबी झाली.

तिने डाळिंबी नळी उचलून परत ठेवली. मग तिने विचारलं, "पोर बगितलीस का तू? कशी हाय?"

कुठल्या पोरीबद्दल विचारतेय ते मला आधी कळलंच नाही.

"मी नाय बगितली आजून," ती म्हणाली. "बांधापल्याडून रडल्याली ऐकू येती, तेवढीच."

"गोरी आहे. केस दाट आहेत," मी सांगितलं. "अंगाने बारीक आहे, पण आता बरी आहे. हातपंपाचं पाणी देतात."

"त्यो पंप उन्हाळ्यात आटतो," ती लगेच म्हणाली. बाटल्या पिशवीत भरता भरता ती थांबली. "आमचे हे ऐकनार न्हाईत. पर उकिरड्यावर ते कवा जात्यात? शेनाची पाटी माज्या डोक्यावर आसती. कुठं टाकायची त्ये मी बगते."

आणि तिने ते केलं. दुसऱ्या दिवसापासून तिची पाटी बांधाकडे जायची थांबली. चढाच्या पलीकडे, दोन्ही विहिरींपासून लांब, खाली मुरूम नसलेली घट्ट काळी जमीन होती. मापं घेताना हेरलेली ही जागा मी तिला बाजारातच सांगितली होती. नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाली, जुन्या खड्ड्यात साप निघाला. पावसाळ्याआधी जुना उकिरडा नेहमीप्रमाणे बैलगाडीने शेतात गेला आणि खड्डा परत भरला नाही. थोरल्याला खरं कारण कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण तो सापाबद्दल काही बोलला नाही.

उन्हाळ्यात हातपंप खरंच आटला. तेव्हा रोज सकाळी घायपातातल्या फटीशी, बांधावर, थोरल्याच्या विहिरीतून भरलेले दोन हंडे दिसू लागले. थोडं ऊन वर आलं की धाकटी येऊन ते उचलून न्यायची आणि रिकामे परत ठेवायची. दोघी जावा आधी हंड्यांवरूनच बोलल्या असतील, मग तोंडाने. एकदा मी गेले तेव्हा थोरली बांधावर बसली होती आणि मुलगी तिच्या मांडीवर होती. पुरुष दोघं आपापल्या शेतात, एकमेकांकडे पाठ करून.

मला वाटलं होतं, उकिरडा हलला की पाणी सुधारेल. पावसाळा झाला, मी धाकट्याच्या विहिरीचं पाणी तपासलं, तर रंग आधीपेक्षाही गडद.

"बाई, ह्ये तर उलट वाडलं!" धाकटा म्हणाला. युरिया त्याने खरोखर कमी केला होता, कांदा थोडा बारीक निघाला होता, आणि त्याचा राग मला समजत होता.

मी प्रयोगशाळेत परत तपासलं. तेच. सरांकडे गेले. ते कागद घेऊन बसले आणि समजावू लागले, की इतक्या वर्षांचं मातीत मुरलेलं एका पावसात निघत नाही. पाऊस ते आधी धुऊन खाली आणतो, म्हणून सुरुवातीला वाढतं. "आणखी एक पावसाळा, कदाचित दोन," ते म्हणाले. "पण प्रकल्पाची मुदत त्याआधी संपते."

"मग वाढवून मागू या."

"कशाच्या आधारावर?"

"तुम्ही एकदा बेल्ह्याला या, सर. मग तुम्हीच सांगा कशाच्या आधारावर."

ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून, डोक्याला रुमाल बांधून, लिंबाखाली माझ्या शेजारी बसले. एका शेतकऱ्याने विचारलं, "पानी दगडातून कसं काय वाहातं, साहेब?" सरांनी इकडेतिकडे बघितलं, उठून एक भोकाभोकांचा काळा दगड शोधून आणला, त्यावर लोटीने पाणी ओतलं आणि खालून टपकणारं पाणी सगळ्यांना दाखवलं. सह्याद्रीचा खडक कसा थरांनी बनलाय, पाणी कुठल्या थरातून पळतं आणि कुठं अडतं, हे त्यांनी इतकं सुरेख सांगितलं, की बैलाचा सौदा अर्ध्यावर सोडून माणसं ऐकत उभी राहिली. परतताना एसटीत ते म्हणाले, "मुदत वाढवून मागतो." मागितली, आणि मिळाली.

मधल्या काळात धाकट्याला धीर देणं हे माझं मुख्य काम होऊन बसलं. दर महिन्याला जायचं, बाटली भरायची, रंग दाखवायचा. "आजून तसंच," तो म्हणायचा. "दम धरा," मी म्हणायचे. एकदा वैतागून त्याने परत पोत्याने युरिया आणला. त्याच्या बायकोने ते पोतं फोडू दिलं नाही.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर नळीतला रंग पहिल्यांदा फिका दिसला. मी दुसरी नळी भरली. परत पूड टाकली. परत फिका. मग मी नळी धाकट्याच्या हातात दिली. त्याने ती उन्हात धरली, बायकोला दाखवली, आणि विहिरीच्या काठावर बसला. त्याची मुलगी तोवर चालू लागली होती आणि अंगणात कोंबड्यांच्या मागे धावत होती. पाणी अजून तिच्यासाठी पुरेसं चांगलं नव्हतं. बांधावरचे हंडे आणखी वर्षभर चालू राहिले.

थोरला बाजारात टेबलाशी आला तो त्याच हिवाळ्यात, भर गर्दीत. मी उठून उभी राहिले. त्याने खिशातून बाटली काढली. "नव्या उकिरड्याच्या खालच्या अंगाला आमच्या चुलत्याची विहीर हाय," तो म्हणाला. "तिला काय झालं न्हाई ना, तेवढं बगा." झालं नव्हतं. तो मान हलवून निघाला, मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "विहीर घ्यायच्या आधी उकिरड्याची जागा ह्या बाईला इचारा रं."

दोन हजार सालानंतर विद्यापीठातला प्रकल्प संपला आणि मी जुन्नरच्या एका महाविद्यालयात शिकवायला लागले. पगार कमी होता, पण बेल्हे जवळ होतं. दर हिवाळ्यात मी वर्गातल्या मुलामुलींना घेऊन बाजारात टेबल लावायचे. मुली आधी लाजायच्या, मग दुपारपर्यंत व्यापाऱ्यांशी हुज्जत घालायच्या. ज्या विहिरी आम्ही पुन्हा पुन्हा तपासल्या त्यातल्या काही सुधारल्या, काही नाही. काही ठिकाणी लोकांनी ऐकलं नाही, काही ठिकाणी ऐकूनही पाणी सुधारलं नाही, कारण वरच्या अंगाला अख्खा गावच वसलेला होता. तिथं दुसरं काहीतरी शोधावं लागणार होतं आणि आम्ही ते शोधत होतो.

ते दोघं भाऊ एकमेकांच्या घरी जेवायला बसले असं मी कधी ऐकलं नाही. पण एका दुष्काळी उन्हाळ्यात थोरल्याची विहीर तळाला गेली. उताराकडच्या धाकट्याच्या विहिरीला तेव्हाही पाणी होतं, आणि आता ते पिण्याजोगं होतं. मी गेले तेव्हा धाकटा घायपाताचं कुंपण तोडून थोरल्याकडे पाणी न्यायच्या पाइपसाठी चर खणत होता. थोरला पलीकडून पाइपचं दुसरं टोक धरून उभा होता.

"खाली घे जरा," थोरला म्हणाला.

"घेतो," धाकटा म्हणाला, आणि कुदळ उचलली.